सांधा कशाने टिकतो ?
धातूंच्या सांधणीयोग्यतेच्या विचाराचा इतिहास

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे अशी संपादक मंडळींची प्रेमाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. कुळे, गोत्रे व ज्ञातीतील थोर पुरुष यांविषयी लिहिणारे अधिकारी लेखक आपल्यात पुष्कळ आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक, इंजिनियर नव्हे. परंतु ज्या ऐरणीवर आपल्या कित्येक पिढ्यांचा संसार चालला, त्या ऐरणीच्याच विद्येचा पुढे जगात केवढा विस्तार झाला, हे आपल्या मुलाबाळांस कोणी तरी सांगावे असे मला फार दिवस वाटत होते. त्यातच आमच्या गावी एक प्रसंग घडला, आणि त्याने हा लेख माझ्याकडून लिहवून घेतला.

दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या हंगामात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची जोडकडी मोडली. ती दुरुस्त करणारा कारागीर आपल्याच ज्ञातीतील, हाताचा कसबी. ‘मजबूत माल घालू’ या सद्हेतूने त्याने एका जुन्या मोटारीचा कमानपाटा कापून त्या जागी वेल्डिंगने जोडला. सांधा दिसण्यात सुबक होता. तिसऱ्या दिवशी पहाटे भरली ट्रॉली चढावर असताना जोड सुटली, ट्रॉली मागे गेली आणि मागून सायकलने येणारा एक तरुण पायाने अधू झाला. गावाने कारागिरास दोष दिला. तो बिचारा तुटलेला तुकडा घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, हे पाहा. माझं वेल्डिंग जसंच्या तसं आहे. तुटलंय ते शेजारचं पोलाद. मग चूक माझी कशी ?”

त्या तुकड्याकडे पाहून मी निरुत्तर झालो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास मला कळला, तो येथे सादर करीत आहे. इंजिनियर मंडळी धातूच्या या गुणास ‘वेल्डेबिलिटी’ म्हणतात. आपण तीस ‘सांधणीयोग्यता’ म्हणू.

ऐरणीवरील ज्ञान

वेल्डिंग ही विलायती विद्या असे पुष्कळांस वाटते. परंतु दोन लोखंडे तापवून एकजीव करण्याची कला आपल्याकडे फार प्राचीन आहे. माझ्या लहानपणी आमचे तीर्थरूप बैलगाडीच्या चाकाची धाव सांधीत असत. पट्टीची दोन्ही टोके ठोकून निमुळती करावयाची, एकावर एक ठेवून भट्टीत घालावयाची, आणि भाता सारखा चालू ठेवावयाचा. लोखंड लाल झाले, पिवळे झाले, तरी ते हालत नसत. ते पांढरे होऊन त्यातून बारीक फुले उडू लागली की त्यावर टाकणखार टाकून ते पट्टी ऐरणीवर घेत आणि घणाचे घाव बसू लागत. टाकणखाराने वरची कीट पातळ होऊन घावासरशी बाहेर फेकली जाई व आतील निर्मळ लोखंड लोखंडास भिडे. लोखंड वितळतच नसे. ते केवळ मऊ होऊन जुळत असे.

एकदा मी बीडाचा फुटका तुकडा आणून, तोही असाच सांधून द्या, असा हट्ट धरला. तीर्थरूप हसून म्हणाले, “पोरा, लोखंड जुळतं, पोलाद रुसतं, अन् बीड फुटतं. ज्याचा त्याचा स्वभाव.” सांधणीयोग्यतेचा पहिला धडा मला तेथे मिळाला. कार्बन हे नावही त्यांनी ऐकले नव्हते. परंतु ज्यात कार्बन अत्यल्प ते नरम लोखंड, ज्यात थोडा अधिक ते पोलाद, आणि ज्यात शेकडा दोनांहून अधिक ते बीड, हा भेद त्यांच्या हातास ठाऊक होता.

या कलेचा भारतातील सर्वांत भव्य पुरावा म्हणजे दिल्लीचा लोहस्तंभ. सुमारे १६०० वर्षांपूर्वी, गुप्तकाळात घडविलेला हा स्तंभ सात मीटरांहून उंच व वजनाने सहा टनांहून अधिक आहे. तो ओतलेला नाही. लोखंडाचे तापविलेले गोळे एकावर एक ठोकून, जोडून, तो घडविला आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण शेकडा पाव भागाच्या आसपास आहे. आजच्या वेल्डिंगच्या पोलादात याच्या पाचव्या हिश्शाइतका फॉस्फरसही चालत नाही, कारण वितळवून जोडताना तो सांध्यास ठिसूळपणा आणितो व तडे पाडितो. म्हणजे जे लोखंड घणाखाली निमूटपणे जुळले, तेच विजेच्या ज्योतीपुढे अडून बसेल. यावरून असे दिसते की, सांधणीयोग्यता हा धातूच्या एकट्याच्या अंगचा गुण नव्हे. तो धातू आणि जोडण्याची रीत या दोहोंच्या संबंधातून ठरतो.

ज्योत आली, आणि भ्रमही आला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भट्टीची जागा विजेने घेण्यास प्रारंभ झाला. रशियातील बेनार्डोस याने १८८१ च्या सुमारास कार्बनच्या कांडीतून विजेची ज्योत पाडून धातू वितळवून जोडून दाखविला. पुढे १८८८ मध्ये त्याच देशातील स्लाव्यानोव याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी घेतली. ती स्वतः वितळून सांध्यात भरू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने कांडीवर लेप चढविला. आपला टाकणखार जे काम करीत असे, त्याच जातीचे काम हा लेप करितो. तो वितळल्या धातूस हवेपासून राखितो.

१९२० मध्ये इंग्लंडात ‘फुलागर’ नावाचे समुद्रगामी जहाज सर्वस्वी वेल्डिंगने बांधून पाण्यात सोडण्यात आले. तोपर्यंत जहाजे, पूल, बाष्पके ही सर्व रिव्हेटांनी जोडली जात. वेल्डिंगमुळे वजन, वेळ आणि मजुरी यांची मोठी बचत होई. त्यामुळे ‘जे वितळते ते जुळते, आणि जे जुळले ते टिकते’ अशी एक समजूत प्रचलित झाली. हा भ्रम होता, आणि त्याचे मोल जगास फार मोठे द्यावे लागले.

बेल्जममध्ये अल्बर्ट कालव्यावर हॅसेल्ट या गावी वेल्डिंगने बांधलेला पोलादी पूल १४ मार्च १९३८ रोजी, वाहतुकीस खुला होऊन फार काळ लोटला नसताना, मोठा आवाज होऊन तडकला आणि काही मिनिटांत कालव्यात कोसळला. १९४० च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत त्याच कालव्यावरील आणखी दोन पुलांना तडे गेले.

पुढे महायुद्धात अमेरिकेने मालवाहू जहाजे अभूतपूर्व वेगाने बांधिली. ‘लिबर्टी’ जातीची २,७१० जहाजे केवळ चार-पाच वर्षांत तयार झाली, ती वेल्डिंगच्याच बळावर. परंतु १६ जानेवारी १९४३ च्या रात्री ओरेगन राज्यात पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज, चाचणीची सफर करून धक्क्याशी शांत उभे असता, अकस्मात मधोमध फाटले. वारा नाही, लाट नाही, शत्रू नाही, फक्त थंडी. आवाज दूरवर ऐकू गेला. तळाचे पत्रे तेवढे धरून राहिले, आणि जहाज मध्यावर घडी पडल्यासारखे वर उचलले गेले. युद्धकाळातील अशा शेकडो जहाजांवर लहानमोठे तडे आढळले. काही तर भर समुद्रात दुभंगली.

तडा का गेला ?

प्रथम सर्व दोष वेल्डरांच्या माथी मारण्यात आला. काही सांधे खरोखरच कच्चे होते, हे नाकारता येत नाही. परंतु केंब्रिज येथील कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने तुटलेल्या पत्र्यांचा अभ्यास करून दाखवून दिले की, मूळ दोष पोलादातच होता. काही पोलादे उबेत चिवट असतात. परंतु एका ठराविक तपमानाखाली गेली की काचेप्रमाणे ठिसूळ होतात. रिव्हेटांच्या जहाजात एक पत्रा तडकला तर तडा त्या पत्र्याच्या काठाशी थांबे. वेल्डिंगच्या जहाजात सर्व पत्रे एकजीव झालेले, म्हणून तडा थांबण्यास जागाच उरली नाही. हॅचच्या चौकोनी कोपऱ्यांशी ताण एकवटे व तेथून तडा सुरू होई. म्हणजे धातू, कारागिरी आणि रचना, तिन्ही मिळून अपराधी होती.

दुसरे कारण सांध्याच्या शेजारी दडलेले होते, आणि ते आपल्या लोकांस सहज उमगेल. विळ्याला वा कुऱ्हाडीला आपण ‘पाणी देतो’. म्हणजे पोलाद लाल करून एकदम पाण्यात बुडवितो. ते कठीण होते, परंतु ठिसूळही होते. म्हणून पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ताठा उतरवावा लागतो. वेल्डिंग करिताना सांध्यालगतचा अरुंद पट्टा असाच लाल होतो, आणि भोवतीचे थंड पोलाद त्याची उष्णता झपाट्याने ओढून घेते. पाण्याचा थेंबही न लागता त्या पट्ट्याला पाणी बसते ! पोलादात कार्बन जितका अधिक आणि पत्रा जितका जाड, तितके हे पाणी कडक.

तिसरे कारण हायड्रोजन. कांडीचा लेप ओलसर असला, किंवा लोखंडावर तेल, गंज वा दव असले, तर त्यातून हायड्रोजन वायू निघून वितळल्या धातूत मुरतो व मागाहून त्या कठीण पट्ट्यात शिरतो. अशा सांध्यास तडा जातो तो तत्काळ नव्हे. काही तासांनी, प्रसंगी एक-दोन दिवसांनी, थंड झाल्यावर. संध्याकाळी तपासून उत्तम ठरलेला सांधा सकाळी आतून फुटलेला असू शकतो.

मोजमापाचा प्रारंभ

धातू सांधण्यास योग्य की अयोग्य, हे अपघात होण्यापूर्वीच कसे ओळखावे ? इंग्लंडात डिअर्डन आणि ओनील या दोघांनी १९४० मध्ये एक मोलाची युक्ती प्रसिद्ध केली. पोलाद कठीण करण्याच्या कामी कार्बन हा मुख्य. पण मँगॅनीज, क्रोमियम, निकेल आदी इतर घटकही त्यास हातभार लावितात. तेव्हा प्रत्येक घटकाचे बळ कार्बनाच्या मापात मोजून एकच बेरीज करावी. या बेरजेस ‘कार्बन-तुल्यांक’ म्हणता येईल. पुढे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेने १९६७ मध्ये त्याचे सुटसुटीत सूत्र स्वीकारिले. घटकांचे शेकडा प्रमाण घेऊन ते असे मांडावे :

कार्बन + (मँगॅनीज ÷ ६) + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम) ÷ ५ + (निकेल + तांबे) ÷ १५

सातवीच्या मुलासही हे गणित येईल. बांधकामाच्या साध्या पोलादात कार्बन ०.१८ व मँगॅनीज ०.९० असेल, तर तुल्यांक ०.१८ अधिक ०.१५, म्हणजे ०.३३. स्थूलमानाने ०.४० पर्यंतचे पोलाद सुखाने सांधले जाते, ०.४५ च्या पुढे गेल्यास आधी ऊब देणे, कोरडी कांडी वापरणे व सावकाश निवू देणे आवश्यक होऊ लागते. अर्थात पत्रा फार जाड असल्यास अलीकडेच सावध व्हावे लागते. हे सूत्रही त्रिकालाबाधित नव्हे. अत्यल्प कार्बनाची नवी पोलादे निघाली, तेव्हा १९६८ मध्ये जपानमधील इतो व बेस्यो यांना त्यांच्यासाठी निराळे सूत्र मांडावे लागले.

केवळ गणितावर भागत नाही, म्हणून प्रत्यक्ष परीक्षाही आल्या. सांधलेली पट्टी वाकवून पाहणे, ही सर्वांत जुनी. फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी याच्या नावाने ओळखली जाणारी परीक्षा विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रचारात आहे. तीत खाच पाडलेल्या तुकड्यावर लोलकाचा हातोडा घालून, ठराविक थंडीत तो तुकडा किती आघात गिळतो हे मोजतात. जपानी पद्धतीच्या एका परीक्षेत दोन जाड पत्रे जागीच जखडून त्यांमधील खाचेत वेल्डिंग करितात, आणि काही काळ जाऊ देऊन मग तो सांधा कापून तडे शोधितात.

पुन्हा ठेच, पुन्हा शहाणपण

सूत्र हाती आले तरी ठेचा थांबल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा किंग्ज पूल १९६१ मध्ये खुला झाला, आणि १० जुलै १९६२ च्या थंड सकाळी एका अवजड वाहनाखाली त्याचा एक गाळा खचला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. चौकशीत आढळले की, तुळयांचे पोलाद अधिक बळकट जातीचे, परंतु सांधण्यास अवघड होते. तुळयांच्या तळपट्टीवर आडव्या घातलेल्या वेल्डिंगच्या कडेला बांधणीच्या वेळीच तडे पडले होते, आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. अधिक बळकट माल म्हणजे अधिक बळकट सांधा नव्हे, हा धडा येथे मिळाला.

त्याहून हृदयद्रावक प्रसंग उत्तर समुद्रातील. २७ मार्च १९८० रोजी तेथील तेलक्षेत्रातील ‘अलेक्झांडर केलंड’ नावाचा पाच पायांचा तरंगता मंच वादळात उलटला आणि त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ बुडाली. मूळ कोठे होते ? एका आडव्या नळीवर ध्वनियंत्र बसविण्यासाठी एक लहानसा आधार सहा मिलिमीटरच्या वेल्डिंगने जोडला होता. त्यावर काही भार नाही, म्हणून त्याकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नव्हते. तुटलेल्या भागात जुना रंग सापडला. म्हणजे तडा रंगकामापूर्वीपासूनच तेथे होता. लाटांच्या नित्य हेलकाव्यांनी तो वाढत गेला, नळी तुटली आणि मग पायच निखळला. भार न घेणारा सांधाही मुख्य अंगाला तडा देऊ शकतो, हे १२३ जीव जाऊन जगास कळले.

व्याख्या ठरली ती अशी

या सर्व अनुभवांतून आज सांधणीयोग्यतेची जी व्याख्या मानली जाते, तिचा आशय आपल्या भाषेत असा सांगता येईल : अमुक धातू, अमुक रीतीने, अमुक परिस्थितीत, अमुक रचनेत जोडला असता तो सांधा निर्दोष होऊन, ज्या कामासाठी वस्तू केली ते काम समाधानकारकपणे करीत राहील काय ? ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर केवळ धातूचे नाव घेऊन देता येत नाही.

अन्य धातूंसही हाच न्याय. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, पण त्याच्या अंगावरील पातळ साय दोन हजार अंशांवरही वितळत नाही. ती दूर केल्यावाचून सांधा होत नाही. काही जातींचे स्टेनलेस पोलाद सुंदर जुळते, परंतु सांध्यालगतचे क्रोमियम कार्बनाशी बांधले जाऊन तो भाग पुढे गंजाने पोखरला जातो. म्हणून तेथे अत्यल्प कार्बनाचे पोलाद घेतात. तीर्थरूपांनी ज्याची आशा सोडली होती ते बीडसुद्धा आज निकेलच्या कांडीने, बेताबेताने, सांधले जाते. ‘अयोग्य’ हा शब्दही पुष्कळदा ‘या रीतीने अयोग्य’ एवढाच असतो.

आपल्या देशातही हा विचार मानकांत उतरला आहे. एकेकाळी बांधकामाच्या सामान्य पोलादासाठी भारतीय मानक २२६ आणि वितळवून जोडावयाच्या पोलादासाठी मानक २०६२, अशी दोन निराळी मानके होती. पुढे पहिले दुसऱ्यात विलीन झाले, आणि आता २०६२ मध्ये कार्बन-तुल्यांकाची कमाल मर्यादाही घालून दिलेली आहे. माल घेताना परीक्षणाचा दाखला मागण्याचा गिऱ्हाइकास अधिकार आहे. आपले कितीसे बंधू तो मागतात?

तात्पर्य

आता त्या कारागीर बंधूच्या प्रश्नाकडे वळतो. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारणतः ०.५५ व मँगॅनीज ०.९० असतो. सूत्राप्रमाणे तुल्यांक ०.७० येतो. त्यावर, थंडीच्या दिवसांत, आधी ऊब न देता, उघड्या पुड्यातील दमट कांडीने त्याने सांधा घातला होता. सांध्यालगतच्या पट्ट्यास पाणी बसले, हायड्रोजन मुरला, आणि बहुधा त्याच रात्री आत तडा पडला. वेल्डिंग शाबूत राहिले ते म्हणूनच. अन् शेजारचे पोलाद तुटले तेही म्हणूनच. मी त्यास एवढेच सांगितले, “बाबा, तुझा हात चुकला नाही, तुझी पारख चुकली. पण ट्रॉली मागे आली ती पारख चुकल्यामुळेच, हे विसरू नकोस.” तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने त्या तरुणाच्या घरी जाऊन त्याच्या औषधोपचाराचा काही भार स्वतः उचलला. आज त्याच्या दुकानात कांड्या वाळविण्याची पेटी आहे, आणि भिंतीवर खडूने तीन प्रश्न लिहिलेले आहेत : माल कोणता ? रीत कोणती ? काम कोणते ?

आपल्या ज्ञातीतील शेकडो तरुण आज ग्रिल, गेट, ट्रॉली, शेड यांची कामे करीत आहेत. ऐरण गेली, भाता गेला, याचे मला दुःख नाही. काळाबरोबर हत्यारे बदलावयाचीच. परंतु आपले वाडवडील लोखंडाचा रंग पाहिल्याशिवाय घण उचलीत नसत. ती पारख मात्र जाता कामा नये. त्यांनी जे डोळ्यांनी ओळखिले ते आपण आकड्यांनी ओळखावे, एवढाच काय तो फरक. कारण आपण घातलेल्या सांध्यावर कोणाचे तरी मूल झोके घेणार असते, कोणाची तरी गाडी चढ चढणार असते, आणि त्यांस सांधा घालणाऱ्याचे नावही ठाऊक नसते.

ऐरणीस वंदन करून हा अल्प लेख ज्ञातिबंधुभगिनींच्या सेवेस सादर करितो. काही न्यून असल्यास जाणकारांनी उदार मनाने सुधारून घ्यावे, ही विनंती.